बेने इस्रायल समाज : ज्यू ओळख आणि इस्रायलचे राजकारण

प्रस्तावना

‘बेने इस्रायल’ या नावातील ‘इस्रायल’ हा शब्द १९४८ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्राचा वाचक नाही. हिब्रू धर्मग्रंथांनुसार इस्रायल हे याकोबाचे दुसरे नाव असून ‘बेने इस्रायल’ म्हणजे त्याची संतती. तथापि पश्चिम आशियात युद्ध भडकले की जगभरातील ज्यू व्यक्तीकडे त्या राष्ट्राची प्रतिनिधी म्हणून पाहिले जाते. धर्मसमुदाय आणि राज्यसंस्था यांचे हे समीकरण कितपत ग्राह्य आहे, याचा विचार महाराष्ट्रातील अनुभवाच्या आधारे प्रस्तुत लेखात केला आहे.

कोकणातील जडणघडण

परंपरेनुसार अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून बचावलेल्या सात जोडप्यांपासून हा समाज वाढला. तेल गाळणे हा त्यांचा प्रमुख व्यवसाय. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. केहीमकर, दिवेकर, रोहेकर, पेणकर ही आडनावे गावांवरून आली. १७९६ मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत सिनेगॉग उभारले. ते ‘जुनी मशीद’ म्हणून ओळखले गेले. एलियाहू हन्नाबीच्या नावाने होणारा मालिदा आणि मराठीतील ज्यू कीर्तने ही या समाजाची खास वैशिष्ट्ये होत. म्हणजेच त्यांचे ज्यूपण मराठी भाषेत आणि कोकणच्या मातीत घडले.

१८९७ मध्ये बासेल येथे भरलेल्या पहिल्या झायोनिस्ट परिषदेचे निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायलांनी स्वीकारले नाही. पवित्र भूमीकडे परतणे ईश्वरी इच्छेने घडेल, अशी त्यांची धारणा होती. त्या भूमीविषयीची श्रद्धा आणि राजकीय चळवळ यांतील भेद त्यांनी तेव्हाच केला होता.

अहमदनगरचा दाखला

व्यक्तीला राज्याशी एकरूप मानण्याचे परिणाम अहमदनगरने (आजचे अहिल्यानगर) वेगळ्या संदर्भात पाहिले. नाझी छळामुळे जर्मनी व ऑस्ट्रियातून काही ज्यू भारतात आले होते. त्यांच्या साहाय्यार्थ मुंबईत १९३४ मध्ये ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. सप्टेंबर १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांना ‘शत्रूराष्ट्राचे प्रजाजन’ ठरवून अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध केले. त्यांत हे निर्वासितही होते. ज्या राजवटीने त्यांना देशोधडीला लावले, तिचेच नागरिक म्हणून, नाझी समर्थकांच्या सोबतीने, त्यांना कैद भोगावी लागली. पुढे सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने चौकशी केल्यावर त्यांपैकी अनेकांची सुटका झाली. पारपत्रावरून माणसाची निष्ठा ठरत नाही, हे शासनाला चौकशीअंती मान्य करावे लागले.

राज्यसंस्था आणि ओळखीचा अधिकार

१९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. तेथे १९६२ मध्ये प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशशुद्धीच्या चौकशीचे निर्देश काढले. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्यांच्या वंशजांना आपले ज्यूपण सिद्ध करण्याची वेळ आली. जेरुसलेममधील तीव्र आंदोलनानंतर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. मात्र त्यांची धर्मनिष्ठा त्या ठरावाने निर्माण झालेली नव्हती. ती शतकानुशतके कोकणात जपली गेली होती. या संघर्षानंतरही बहुसंख्य लोक तेथेच राहिले आणि ‘मायबोली’सारख्या नियतकालिकातून त्यांनी मराठीही जपली. इस्रायलविषयी आपुलकी असणे आणि तेथील शासनाच्या प्रत्येक कृतीचे उत्तरदायित्व वाहणे, या भिन्न गोष्टी आहेत.

समारोप

२०११ च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांच्या आत होती. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. हा दर्जा येथील नागरिक म्हणून आहे. ओळखीची गल्लत किती घातक ठरते, हे नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या नरिमन हाऊसवरील हल्ल्याने दाखविले. तेथे रब्बी दांपत्यासह सहा जणांचे बळी गेले. इस्रायलच्या धोरणांची कठोर चिकित्सा करण्याचा अधिकार अभ्यासकाला आहे; परंतु त्या धोरणांचा जाब अलिबागच्या किंवा ठाण्याच्या ज्यू शेजाऱ्याला विचारणे इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. त्याचप्रमाणे, त्या शेजाऱ्याच्या नावाने त्या धोरणांचे समर्थन करणेही टिकत नाही.