घशासाठी ऊती कुठून आणायची?

कर्करोगापायी स्वरयंत्र आणि मागचा घसा काढला, की जिभेच्या मुळापासून अन्ननलिकेपर्यंत नवी वाट बांधावी लागते. ती कशाची बांधायची? फ्लॅप म्हणजे स्वतःचा रक्तपुरवठा बरोबर घेऊन येणारी ऊती. हे तत्त्व आपल्याला परकं नाही. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कपाळाच्या कातडीतून घडवलं, ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली. तिथंही कातडीचा देठ शाबूत ठेवला होता.

बिलरोथने १८७३ मध्ये व्हिएन्नात पूर्ण स्वरयंत्र काढलं. टोरांटोच्या वूकी यांनी १९४२ मध्ये मानेच्याच कातडीची नळी वळली. पण किरणोपचार झालेली मानेची कातडी नीट भरून येत नाही, म्हणून १९६५ मध्ये बाकामजियन छातीवरच्या कातडीकडे वळले. रीत दोन टप्प्यांची. मधले काही आठवडे मानेवरच्या भोकातून लाळ गळत राहायची.

इथं आपण जरा थांबू. शस्त्रक्रियेच्या पुस्तकात हे नुसतं ‘दुसरा टप्पा’ असं येतं. ज्याचा रोग परतण्याची भीती आहे, आयुष्य मोजकं आहे, त्याचे ते आठवडे कुणाच्या हिशेबात धरायचे? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना १९७९ साल मोठं वाटतं ते यासाठी. एरियन यांनी छातीचा स्नायू कातडीसकट वर आणला आणि काम एका बैठकीत होऊ लागलं. हा फ्लॅप जाड, नळी वळायला अवघड. तरी सूक्ष्मदर्शक लागत नाही, वेळ कमी लागतो. भारतात तो आजही भरपूर वापरतात, आणि त्याला कमी प्रतीचा म्हणणं आम्हाला पटत नाही.

दुसरी वाट आतड्याची. सायडनबर्ग यांनी १९५९ मध्ये लहान आतड्याचा तुकडा मानेत बसवून रक्तवाहिन्या जोडल्या. रुग्ण काही दिवसांत पक्षाघाताने गेला, पण आतडं जिवंत होतं! आयती, ओलसर नळी मिळते खरी. पोट मात्र उघडावं लागतं, आणि पुढे बोलताना आवाज घरघरतो, पाण्यातून आल्यासारखा. मांडीची कातडी वळून केलेल्या नळीतून आवाज सहसा बरा येतो, पोटही वाचतं. छातीतली अन्ननलिकाच काढली असेल तर गोष्ट वेगळी, मग जठर वर ओढतात. हाँगकाँगच्या आँग आणि ली यांनी १९६० मध्ये ते मांडलं.

आता ‘सर्वोत्तम फ्लॅप कोणता’ असं कुणी विचारलं, तर आपण उलट विचारावं, कुणासाठी? फुफ्फुसं थकलेल्या म्हाताऱ्याला दहा तास टेबलावर ठेवायचं का? आणि शिक्षिकेला आवाज हवा की आधी घास, हे तिला विचारलंय का?