पोवळ्याचें फूल

लग्नाच्या दागिन्यांतील पोवळ्याची माळ, मंगळाची पीडा टळावी म्हणून घातलेली पोवळ्याची अंगठी आणि वैद्यांच्या पुडींतलें प्रवाळभस्म, इतक्या वाटांनीं हें तांबडें रत्न मराठी घरांत शिरलेलें आहे. हिरा, माणीक, पाचू हीं रत्नें खाणींतून निघतात. पोवळें मात्र मोत्याप्रमाणें समुद्रांतून येतें. आणि तो समुद्र आपला नव्हे. शतकानुशतकें अस्सल तांबडें पोवळें आलें तें भूमध्य समुद्रांतून. रोमन लोकांना मोत्यांचें जितकें मोल, तितकेंच हिंदुस्थानांतील लोकांना पोवळ्याचें, असें प्लिनीनें इसवी सनाच्या पहिल्या शतकांत नमूद केलें आहे. सतराव्या व अठराव्या शतकांत इटलींतील लिव्होर्नो बंदरांतले ज्यू व्यापारी पोवळीं गोव्यास पाठवीत, आणि तेथील सारस्वत व्यापारी त्यांच्या बदल्यांत हिरे परत धाडीत. देणाऱ्यानें घेणाऱ्याचें तोंड कधीं पाहिलेलें नसे. पण व्यवहार पत्रांवर चाले.

इतक्या मोलाची ही वस्तु आहे तरी काय, याचें उत्तर मात्र विकणाऱ्याला ठाऊक नव्हतें आणि घेणाऱ्यालाहि नव्हतें. प्राचीन ग्रीक व रोमन लोकांची समजूत अशी कीं, पोवळें हें समुद्रांतील झुडूप असून तें पाण्यांत मऊ असतें व वारा लागतांच दगड बनतें. ओव्हिड कवीनें त्याला एक कथा जोडली. जिच्याकडे पाहणारा दगड होई त्या मेड्युसा राक्षसीचें तोडलेलें मस्तक समुद्रकाठच्या शेवाळावर ठेवलें गेलें, आणि त्या शेवाळाचें पोवळें झालें. मऊपणाची गोष्ट खोटी होती हें कोळ्यांना हातानें कळत होतें; पण कोळ्यांना विचारतो कोण?

1706 च्या सुमारास ज्यानें विचारलें तो एक पदच्युत सेनापति होता. बोलोन्या शहराचा काउंट मार्सिली ऑस्ट्रियाच्या सैन्यांत अधिकारी होता. 1703 सालीं ब्राइझाखचा किल्ला शत्रूच्या स्वाधीन झाला, तेव्हां त्याला अपमानित करून काढून टाकण्यांत आलें. मग तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर येऊन राहिला आणि कोळ्यांच्या होड्यांतून हिंडूं लागला. लाकडी फुलीला जाळीं बांधून ती तळाशीं ओढीत नेत, आणि कपारींतलें पोवळें तींत अडकून तुटून वर येई. मार्सिलीनें असल्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्यानें भरलेल्या भांड्यांत ठेवल्या. कांहीं वेळानें पाहतो तों प्रत्येक फांदीवर पांढरीं, आठ पाकळ्यांचीं फुलें उमललेलीं! फांदी पाण्याबाहेर काढली कीं फुलें मिटत, पुन्हा पाण्यांत घातली कीं उघडत. फूल सांपडलें म्हणजे झाडाबद्दलचा वाद मिटला, असें विद्वानांनीं मानलें. मार्सिलीची कीर्ति झाली.

मार्सेल शहरांतील झां आंद्रे पेसोनेल (1694–1759) हा मार्सिलीच्या हाताखालीं शिकलेला. त्याचे वडील वैद्य होते. 1720 च्या भयंकर प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना ते मरण पावले. पुत्रहि वैद्यच झाला. 1723 सालीं मार्सेलच्या किनाऱ्यावर आणि 1725 सालीं राजाज्ञेनें आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावर गेला असतां, त्यानें गुरूचाच प्रयोग पुन्हा केला. फुलें उमललीं. पण पेसोनेल तेथें थांबला नाहीं. तीं फुलें ‘पाकळ्या’ हालवतात, हें त्याच्या नजरेंतून सुटलें नाहीं. त्यानें भांडें विस्तवाजवळ मंद उबेला ठेवलें. फुलें अधिकच फुललीं. मग त्यानें विस्तव वाढवून पाणी उकळविलें, आणि फुलें मिटण्यापूर्वींच मरून तशींच उघडीं राहिलीं. आतां त्यांचें निरीक्षण निवांतपणें करतां आलें. तीं फुलें नव्हतींच. समुद्रकाठच्या खडकांवर जें समुद्रपुष्प चिकटलेलें असतें, ज्याला फ्रेंच कोळी ‘समुद्राची आग्या’ म्हणत, त्याच्याच घडणीचे तें इवलेसे प्राणी होते. पाकळ्या म्हणजे त्यांचे हात, आणि मध्यें तोंड. पोवळें कुजलें म्हणजे त्याला सडलेल्या माशाची घाण येते, हेंहि त्यानें टिपून ठेवलें. झाड म्हणून जें शेंकडों वर्षें समजलें गेलें, तें या प्राण्यांनीं बांधलेलें घर होतें.

1726 सालीं हा वृत्तांत पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे गेला. तेथें त्या काळीं रेओम्यूरचा शब्द मोठा. उष्णतामापकाला ज्याचें नांव आहे तोच हा रेओम्यूर. कीटकांचा असा सूक्ष्म निरीक्षक त्या शतकांत दुसरा झाला नाहीं. पण पोवळें प्राणी आहे, हें त्याच्या गळीं उतरेना. 1727 सालीं त्यानें अकादमीपुढें आपला निबंध वाचला आणि पोवळें वनस्पतिवर्गांतच ठेवलें. पेसोनेलच्या मताचा त्यानें उल्लेख केला, मात्र त्याचें नांव घेतलें नाहीं. इतक्या विपरीत कल्पनेशीं एका भल्या माणसाचें नांव जोडलें जाऊन त्याचें हंसें होऊं नये, असा त्याचा हेतु होता. उपहासापेक्षां हें सौजन्य अधिक जाचक म्हटलें पाहिजे. कारण उपहासाला उत्तर देतां येतें. त्याच वर्षीं पेसोनेल राजवैद्य म्हणून अटलांटिकपलीकडच्या ग्वादलूप बेटावर निघून गेला, आणि पॅरिसनें पोवळ्याचा विषय मिटविला.

तो पुन्हा उघडला एका डबक्यामुळें. हेग शहराजवळ काउंट बेंटिंकच्या वाड्यांत आब्राहाम ट्रांब्ले नांवाचा जिनीव्हाचा तरुण दोन मुलांचा शिक्षक होता. 1740 च्या उन्हाळ्यांत मुलांसह पाणवनस्पति गोळा करतांना त्याला पाव इंचाचा एक हिरवा जीव दिसला. देठासारखें अंग, टोंकाला हात. आज त्याला जलव्याल म्हणतात. तो वनस्पति कीं प्राणी, हें ठरविण्यास ट्रांब्लेनें एक सोपी कसोटी योजिली: कापून पाहावें, दोन्ही तुकडे जगले तर वनस्पति, मेले तर प्राणी. नोव्हेंबरांत त्यानें तो कापला. दोन्ही तुकडे जगले, आणि दोहोंचे दोन पूर्ण जलव्याल झाले! पण हाच जीव चालत होता, भक्ष्य पकडून गिळत होता. कसोटीच चुकीची ठरली. ट्रांब्लेनें जिवंत नमुने रेओम्यूरकडे पाठविले. पहिले वाटेंत मेले, दुसरे पोंचले. रेओम्यूरनें स्वतः कापून पाहिलें आणि हा प्राणीच आहे असें जाहीर केलें. झाडासारखा वाढणारा प्राणी असूं शकतो, एवढें मान्य होतांच पोवळ्याबद्दलचा जुना आक्षेप ढांसळला. 1741 सालीं बेर्नार द ज्युस्यू हा वनस्पतिशास्त्रज्ञ नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेला, आणि ‘समुद्री वनस्पति’ म्हणविणाऱ्या कित्येक वस्तूंवर त्याला तसलेच प्राणी आढळले.

रेओम्यूरनें यानंतर जें केलें तें त्याच्या मोठेपणास शोभणारें होतें. 1742 सालीं आपल्या कीटकग्रंथाच्या सहाव्या खंडाच्या प्रस्तावनेंत त्यानें पेसोनेलचें नांव घेऊन, तोच बरोबर होता, असें लिहिलें. पूर्वीं नांव कां गाळलें तेंहि सांगितलें. पंधरा वर्षें गेलीं होतीं. पेसोनेलनें 1751 सालीं आपला ग्रंथ लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला. तिनें त्याचा सारांश इंग्रजींत छापला. तो स्वतः 1759 सालीं ग्वादलूपमध्येंच वारला.

पेसोनेलनें पोवळ्याला आग्येचें भावंड म्हटलें, ती नुसती उपमा नव्हती. समुद्रपुष्प, प्रवाळ, जलव्याल आणि जेलीफिश या अकरा हजारांहून अधिक जातींच्या कुळाला आज जें शास्त्रीय नांव आहे, तें आग्यावाचक ग्रीक शब्दावरूनच आलें आहे. कारण दंशपेशी ही या कुळाची खूण होय. प्रत्येक पेशींत एक पोकळ नळी गुंडाळलेली असते. स्पर्श होतांच ती बाणासारखी सुटते. जलव्यालांत तिचा पहिला उसळा सेकंदाच्या दशलक्षांश भागाहूनहि कमी वेळांत होतो. पावसाळ्यांत जुहूच्या चौपाटीवर निळे फुगे वाहून येतात. त्यांचे लोंबते धागे वाळल्यावरहि चावतात, तें याच पेशींमुळें. हा फुगा दिसतो एक. पण तो अनेक जीवांचें कुटुंब आहे. कोणी तरंगतो, कोणी शिकार करतो, तर कोणी पचवितो.

जेलीफिश आणि बुडाशीं चिकटलेला जीव यांचें नातें मात्र नॉर्वेंतील मीकाएल सार्स या पाद्र्यानें शोधलें. खडकावरच्या लहानशा जीवाच्या अंगाला चकत्या पडतात आणि एकेक चकती सुटून जेलीफिश बनून पोहूं लागते, हें त्यानें 1830 ते 1841 या काळांत उलगडलें. लिनियसनें जेलीफिशला मेड्युसा हेंच नांव दिलें होतें. ओव्हिडच्या कथेंत पोवळें मेड्युसेपासून झालें. नात्यापुरतें कवीचें बोलणें अगदींच वाया गेलें नाहीं.

वनस्पतीचा पक्षहि पुरता हरला नाहीं. लक्षद्वीपसारखीं बेटें रचणाऱ्या प्रवाळांच्या शरीरांत सूक्ष्म शैवालें राहतात आणि सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. पाणी फार तापलें कीं हीं शैवालें निघून जातात आणि प्रवाळ पांढरे पडतात. 1998 सालीं लक्षद्वीपांत तसें मोठ्या प्रमाणावर घडलें. दागिन्याच्या पोवळ्यांत असलें शैवाल नसतें. तें अंधाऱ्या कपारींत राहून पाण्यांतले कण खाऊन जगतें. त्यामुळें त्याची वाढ विलक्षण मंद असते. फांदीची जाडी वर्षाला अर्धा मिलिमीटरहि वाढत नाहीं, म्हणजे करंगळीएवढी फांदी व्हायला कित्येक दशकें लागतात. मार्सिलीच्या कोळ्यांची ती लाकडी फुली अशा फांद्या एका ओढींत मोडीत असे. युरोपीय संघानें भूमध्य समुद्रांत तिच्यावर बंदी घातली ती 1994 सालीं.