पोटाचा डायलिसिस आणि प्रतिजैविकांचा उलटा प्रवास

मूत्रपिंडे निकामी झाली की यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणे हा बहुतेकांना ठाऊक असलेला मार्ग. दुसरा मार्ग घरातूनच जातो. भारतात १९९१ पासून उपलब्ध झालेल्या या पद्धतीस वैद्यकशास्त्रात 'पेरिटोनियल डायलिसिस' म्हणतात. रुग्णांच्या तोंडी मात्र 'पोटाचा डायलिसिस' हेच नाव आहे. पोटात बसविलेल्या मऊ नळीतून साधारणतः दोन लिटर द्रावण सोडायचे, चार ते सहा तास ठेवायचे आणि मग काढून टाकायचे. दिवसातून सुमारे चार वेळा हा क्रम चालतो. गाळणीचे काम करते ते आतड्यांभोवतीचे पातळ आवरण, म्हणजेच पेरिटोनियम.

या पद्धतीचा खरा शत्रू जंतुसंसर्ग. पिशवी जोडताना हात नीट धुतले गेले नाहीत, तरी जंतू थेट पोटात शिरतात. बाहेर येणारे पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ दिसले, की तो धोक्याचा इशारा समजावा. त्या पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये शंभराहून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील, तर संसर्ग गृहीत धरला जातो. नमुना कल्चरसाठी घेतला, की अहवालाची वाट न पाहता प्रतिजैविक सुरू केले जाते.

येथूनच औषधाचे वागणे नेहमीपेक्षा वेगळे होते. एरवी गोळी किंवा इंजेक्शन रक्तात जाते आणि तेथून संसर्गाच्या जागी पोहोचते. येथे औषध पिशवीतच मिसळतात. संसर्गाच्या जागी ते लगेच मोठ्या प्रमाणात मिळते आणि नंतर आवरण ओलांडून रक्तात उतरते. व्हॅन्कोमायसिनचे उदाहरण बोलके आहे. आवरण निरोगी असता पोटात सोडलेल्या मात्रेपैकी जेमतेम निम्मी रक्तात जाते. आवरण सुजलेले असता हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचते. सूज उतरू लागली, की शोषणही घटते. म्हणूनच औषधाची पिशवी किमान सहा तास पोटात ठेवण्याचा आग्रह धरला जातो. रात्री यंत्राने झटपट पाणी बदलणाऱ्यांच्या बाबतीत औषध शोषले जाण्याआधीच वाहून जाण्याची भीती असते.

रक्तात गेलेले औषध बाहेर पडणे हीदेखील संथ प्रक्रिया आहे. व्हॅन्कोमायसिनचा रेणू मोठा, मूत्रपिंडे थकलेली आणि पोटाचा डायलिसिस यंत्रापेक्षा मंद. परिणामी एक मात्रा पाच ते सात दिवस पुरू शकते. जेंटामायसिन मात्र रोज एकदा देतात, शरीराच्या दर किलो वजनामागे ०.६ मिलिग्रॅम. ते दीर्घकाळ साचल्यास कानाच्या आतील भागास इजा होऊ शकते. ज्या रुग्णांना अद्याप थोडीफार लघवी होते, त्यांनी ती किती होते हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

गोळ्यांची गोष्ट निराळी. फॉस्फेट कमी करण्यासाठी बहुतेक रुग्ण जेवणाबरोबर कॅल्शियमच्या गोळ्या घेतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्यांच्यासोबत घेतल्यास दोन्ही आतड्यातच एकमेकांना जखडतात आणि प्रतिजैविक रक्तात पुरेसे पोहोचत नाही. दोहोंत काही तासांचे अंतर हवे. हा साधा नियम औषधांच्या चिठ्ठीवर क्वचितच लिहिलेला आढळतो.

बोरांसाठी प्रसिद्ध असलेल्या जळगावच्या मेहरूण भागात आणखी एक बाब विसरता येत नाही, ती म्हणजे उन्हाळा. मे महिन्यात खानदेशात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. द्रावणात मिसळलेले व्हॅन्कोमायसिन सामान्य तापमानात २८ दिवस टिकते, सेफाझोलिन आठ दिवस, तर सेफ्टाझिडिम अवघे चार दिवस. परंतु हे आकडे २५ अंशांच्या खोलीसाठी आहेत. पत्र्याच्या छपराखाली ते लागू पडत नाहीत. सेफाझोलिन मिसळलेली पिशवी फ्रीजमध्ये १४ दिवस, सेफ्टाझिडिमची सात दिवस राहते. पोटात सोडण्यापूर्वी ती अंगाइतकी कोमट करून घ्यावी लागते. पेनिसिलिन गटातील औषध आणि जेंटामायसिन एकाच पिशवीत कधीही मिसळू नयेत. पहिले दुसऱ्याला निष्प्रभ करते.