उपासनेची भाषा: अभ्यासाच्या उंबरठ्यावर

कन्नड तालुक्यातल्या पिशोरसारख्या गावात शुक्रवारी दुपारी मशिदीजवळ थोडा वेळ थांबले, तरी तीन भाषा कानावर पडतात. आधी मौलानांचे बयान होते, ते उर्दूत. मग खुतबा म्हणजे नमाजेआधीचे विधिवत प्रवचन आणि नमाज, दोन्ही अरबीत. नमाज आटोपून लोक बाहेर आले, की मक्याच्या आणि अद्रकाच्या भावाची चौकशी सुरू होते, ती दखनीत किंवा मराठीत. तीन भाषा एकाच दुपारी आपापली जागा धरून असतात आणि त्यात कोणालाच काही वावगे वाटत नाही. उपासनेला एकच सामायिक पवित्र भाषा लागते का, या प्रश्नाकडे वळणाऱ्या वाचकाने सुरुवात इथून करावी, असे मला मनापासून वाटते.

या अभ्यासातली पहिली खूणगाठ अशी: उपासना एकसंध नसते, तिला थर असतात. विधीचे शब्द, ग्रंथाचे वाचन, उपदेश, गाणे आणि एकट्याने केलेले मागणे हे ते थर. कोणत्या थराला कोणती भाषा आणि ती का, असे विचारले की वाद निवळतो आणि अभ्यास सुरू होतो.

इस्लाममध्ये गाभ्याचा थर अरबी आहे. कुरआनचे शब्दच ईश्वरी वाणी मानले जातात. भाषांतर हा त्यांचा अर्थ, त्यांची जागा घेणारा मजकूर नव्हे. म्हणून पाच फर्ज नमाजांच्या 17 रकातींत सात आयतींचा सूरह फातिहा अरबीतच म्हटला जातो. मकतबमध्ये, म्हणजे धार्मिक शिक्षणाच्या प्राथमिक वर्गात, लहान मुले ‘कायदा’ या अक्षरपुस्तिकेतल्या अक्षरांवरून उजवीकडून डावीकडे बोट फिरवत ‘ऐन’ हे अक्षर घशातून काढायला शिकतात. हा ध्वनी मराठीत नाही; तो कमवावा लागतो. त्या कमाईतच जगभरच्या जमातीशी नाते जुळते. मात्र दुआ मातृभाषेत मागायला आडकाठी नाही. इमाम अबू हनीफा (मृत्यू 767) यांच्या नावावर नमाजेत फारसी पठणाला मुभा देणारे मत नोंदलेले आहे. त्यांच्या शिष्यांनी ती मुभा अरबी न येणाऱ्यांपुरती ठेवली. तुर्कस्तानात 1932 पासून अजान तुर्कीत देण्याची सक्ती होती. 1950 मध्ये ती उठताच अरबी अजान परतली.

आपल्या जिल्ह्यातले खुलताबाद या थरांचे जुने उदाहरण आहे. तिथे विसावलेल्या बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू 1337) यांची नमाज अरबीत होती आणि शिष्यांनी त्यांची वचने टिपली ती फारसीत. पुढे दख्खनच्या सूफी परंपरेत जात्यावर म्हणायची ‘चक्कीनामा’ गीते दखनीत रचली गेली. संतकवी शेख महंमदांनी तर ‘योगसंग्राम’ मराठी ओवीतच लिहिला.

ख्रिस्ती परंपरेची वाट वेगळी आहे. येशू अरामी बोलत, शुभवर्तमाने मात्र ग्रीकमध्ये लिहिली गेली. म्हणजे भाषांतर या धर्माच्या मुळाशीच आहे. प्रकटीकरण प्रथम येशूच्या रूपात आहे, विशिष्ट भाषेच्या शब्दांत नाही. तरीही रोमन चर्चने लॅटिन मिस्सा, म्हणजे वेदीवरची मुख्य उपासना, शतकानुशतके जपली. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे 11,000 ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये छापले. स्वर्गासाठी त्यांनी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. वेदीवर लॅटिन आणि श्रोत्यांपुढे मराठी पुराण, ही रचना शुक्रवारच्या अरबी खुतब्याची आणि उर्दू बयानाची आठवण करून देते. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेत लोकभाषांना वाट दिली आणि वसईची मिस्सा मराठी झाली. प्रोटेस्टंट मंडळ्यांत ते आधीच घडले होते. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात.

या साऱ्यावरून माझे मत असे बनले आहे: अरबी ही इस्लामच्या श्रद्धेतून आलेली गरज आहे; लॅटिन ही चर्चने स्वीकारलेली शिस्त होती. म्हणून एका धर्माच्या मापाने दुसऱ्याला मोजू नये. ‘मराठीत नमाज का नाही?’ असे विचारणाऱ्याने आणि ‘मराठीत मिस्सा म्हणजे पावित्र्य उणावले’ असे म्हणणाऱ्यानेही हा फरक आधी समजून घ्यावा. सर्वांना जोडणारा पाठ आणि मनाला कळणारा शब्द, दोन्ही माणसाला हवे असतात. एकनाथांच्या पैठणचा हा जिल्हा. संस्कृत आणि प्राकृत (म्हणजे मराठी) यांच्या वादात ही ओढ आपण फार पूर्वी अनुभवली आहे.

नव्या अभ्यासकाचे मनःपूर्वक स्वागत. ग्रंथ वाचाच, पण त्याआधी शेजारच्या मशिदीत आणि चर्चमध्ये आदराने विचारून जा, मागे शांत बसा आणि कोणता शब्द कोणत्या भाषेत येतो ते वहीत टिपा. तुमचा पहिला संदर्भग्रंथ तीच वही असेल.

पिशोर, ता. कन्नड, जि. छत्रपती संभाजीनगर