चापाला चाप

मराठीत 'चाप' म्हणजे धनुष्य. आणि बंदुकीचा जो खटका आपण बोटाने ओढतो, त्यालाही आपण 'चाप'च म्हणतो. तीस-पस्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, पण या गमतीकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. ते गेले अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या एका दुकानात, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये.

मुलीकडे मुक्काम होता. शेजारी साठी उलटलेले एक गृहस्थ राहत. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता. बंदुकीचा नव्हे, धनुष्यबाणाचा. विस्कॉन्सिनने १९३४ साली फक्त धनुर्धाऱ्यांसाठी हरणांचा वेगळा हंगाम ठेवला. अमेरिकेत असे करणारे ते पहिले राज्य. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण गृहस्थ म्हणाले, 'रिलीज घ्यायला चाललोय, येता का?' आणि मी कुतूहलापोटी गाडीत बसलो.

रिलीज म्हणजे दोरी सोडण्याचे यंत्र. मुठीत मावेल एवढे. त्याचा आकडा धनुष्याच्या दोरीला बांधलेल्या छोट्या फासात अडकवायचा, दोरी ओढायची, नेम धरायचा आणि खटका दाबायचा. बोटे दोरीला लागतच नाहीत. दुकानात अशी पन्नासेक यंत्रे टांगलेली होती. ती बघताना मला आठवला एकलव्य.

गुरूने त्याचा अंगठाच का मागितला? लहानपणी वाटायचे, अंगठा नसला की धनुष्यच धरता येत नसेल. पण महाभारत सांगते की अंगठा दिल्यावरही एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण मारत होता, फक्त पूर्वीचा वेग राहिला नाही. म्हणजे गोष्ट दोरी सोडण्याच्या पद्धतीची आहे. दोरी अंगठ्याने ओढणारे लोक वेगळे आणि तीन बोटांनी ओढणारे वेगळे. १८८५ साली एडवर्ड मोर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने याच विषयावर मोठा निबंध लिहिला. हा मोर्स जपानात प्राध्यापक होता. जपानी मित्राबरोबर नेमबाजी करताना त्याच्या ध्यानात आले, की आपण दोघे एकच काम करतो, पण दोघांचे हात वेगळे चालतात. मग त्याने जगभरच्या पद्धतींची वर्गवारीच केली.

अंगठ्याने ओढणाऱ्यांना अंगठा सोलवटू नये म्हणून अंगठी लागते. चीनमध्ये आन्यांगला फू हाओ या राणीची कबर १९७६ साली उघडली, त्यात जेडची अशी अंगठी मिळाली. तीन हजार वर्षांपूर्वीची! फारसीत तिला जिहगीर म्हणतात, म्हणजे दोरी धरणारी. शाहजहानची पांढऱ्या जेडची, हिजरी १०४२ म्हणजे १६३२-३३ चा लेख असलेली जिहगीर आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. युरोपात मात्र तीन बोटे आणि चामड्याचे आवरण. दोन्हींचा हेतू एकच, दोरी बोटांवरून अलगद सुटावी. बोट किंचित अडखळले तरी दोरी आडवी हेलकावते आणि बाण वाकडा निघतो.

खटक्याची युक्तीही जुनीच. चीनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्यात, इसवीसनापूर्वी २१० च्या सुमाराच्या, आडव्या धनुष्यांचे कांस्याचे खटके सापडले आहेत. पण हाती धरायच्या उभ्या धनुष्याला खटक्याची खरी गरज पडली ती फार उशिरा. मिसुरीच्या हॉलेस विल्बर ॲलन याने १९६६ साली धनुष्याच्या टोकांना विलक्षण चाके लावून पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ मध्ये मिळाले. हेच कंपाउंड धनुष्य. सत्तर पौंडांचे धनुष्य पुरते ओढले, की चाके फिरून हातावर चौदा-पंधरा पौंडच भार उरतो. पण ही धनुष्ये आखूड होत गेली, तसा ओढलेल्या दोरीचा कोन इतका टोकदार झाला की बोटे चिमटू लागली. तेव्हा रिलीज आले.

शेजाऱ्यांची अडचण वेगळी होती. आदल्या वर्षी त्यांचा बाण हरणाच्या पोटात लागला होता. रात्री बॅटरी घेऊन रक्ताचा माग काढला, दुसऱ्या दिवशीही हिंडले. हरीण मिळाले नाही. 'ते कुठेतरी झुरून मेले असणार,' एवढेच म्हणाले आणि गप्प झाले. चूक त्यांना ठाऊक होती. नेमाची खूण हरणावर आली रे आली की त्यांचे बोट खटक्याला हिसडा देई. धास्तीच ती. नवशिक्याला होत नाही इतकी मुरलेल्याला होते.

दुकानदाराने तीन प्रकार समोर ठेवले. मनगटाला पट्ट्याने बांधायचे आणि तर्जनीने दाबायचे. मुठीत धरून अंगठ्याने दाबायचे. आणि तिसरे, ज्याला खटकाच नाही. पाठीचे स्नायू आवळत गेले की मूठ किंचित फिरते आणि दोरी आपोआप सुटते. कधी सुटणार हे आधी कळत नाही, म्हणून हिसडा देता येत नाही. मला वाटले, मग हेच घ्यावे. दुकानदार हसला. झाडावरच्या मचाणावर, थंडीत, हातमोजे घालून बसायचे. हातातले यंत्र खाली पडले तर दिवस गेला. मनगटाचे मनगटावरच राहते. शेवटी त्यांनी दोन्ही घेतली, सरावाला बिनखटक्याचे आणि जंगलात पट्ट्याचे. पट्टा असा आखडून घेतला की खटका बोटाच्या टोकाशी न येता दुसऱ्या पेराशी यावा. टोकाने टिचकी मारली जाते, पेराने ओढले जाते. एवढ्यात सगळे असते म्हणे.

गंमत बघा. अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीला पुन्हा दिवस आले त्याचे बरेचसे श्रेय इशी या याही जमातीच्या माणसाला जाते. १९११ साली तो ओरोविलला एकटाच आला, जमातीतला शेवटचा उरलेला. त्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले, १९१६ मध्ये इशी वारल्यावर १९२३ साली पुस्तक लिहिले. इशी अंगठ्याने दोरी ओढायचा. पोप मात्र इंग्रजांसारखे बोटांनीच ओढत राहिले.

हेच यंत्र पुढे मी आपल्या पोरांच्या हातात पाहिले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. त्यांच्यासमोर कागदाचे निशाण होते, एवढाच काय तो फरक.

शेजाऱ्यांनी त्या सप्टेंबरात रोज संध्याकाळी सराव केला. गवताच्या गठ्ठ्यापासून पाच पावलांवर उभे राहून, डोळे मिटून. नोव्हेंबरमध्ये मी परतल्यावर त्यांचा फोन आला. मचाणाखाली पंधरा पावलांवर मोठा नर आला होता, पुरते धनुष्य ओढले होते, पण खूण स्थिर होईना. त्यांनी दोरी सावकाश परत सोडली. हरीण चरत चरत निघून गेले. आवाज मात्र असा, जणू काही शिकार झाली होती.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)