‘ढ’ आणि सॅम्युएल कर्क

मराठी शाळेत बाराखडी पाठ होण्याआधीच मुलांना एका अक्षराचा अर्थ कळलेला असतो. ते अक्षर ‘ढ’. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत त्याचे वळण फारसे बदलले नाही, म्हणून शिकूनही न बदलणारा तो ‘ढ’, अशी उपपत्ती सांगितली जाते. उपपत्ती चतुर आहे. मात्र तिच्या आधारे मुलाचा निवाडा होतो आणि कारणांचा शोध तेथेच थांबतो.

तो शोध पुढे नेणाऱ्यांत अमेरिकन अभ्यासक सॅम्युएल कर्क (१९०४–१९९६) यांचे नाव अग्रभागी आहे. तरुणपणी शिकागोजवळच्या एका निवासी संस्थेत, निजानीज झाल्यावर, वाचता न येणाऱ्या एका मुलाला ते दाराशी बसून शिकवत. काही महिन्यांत तो वाचू लागला. पुढे ६ एप्रिल १९६३ रोजी शिकागोतील पालकांच्या परिषदेत त्यांनी ‘लर्निंग डिसॅबिलिटीज’, म्हणजे अध्ययन अक्षमता, ही संज्ञा मांडली आणि ती रूढ झाली. विशेष हे की, मुलाला नाव चिकटवल्याने आपले समाधान होते, मुलाचे भले होतेच असे नाही, असा इशारा त्यांनी त्याच भाषणात दिला होता.

कर्क निवर्तले त्याच वर्षी, १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेतील सवलती औपचारिकपणे मान्य केल्या. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी कुलकर्णी व डॉ. सुनील करंदे यांनी या मुलांविषयी सातत्याने लिहिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला.

तथापि कर्क यांची व्याख्या मुंबईबाहेर नेली की तिची खरी कसोटी लागते. बुलढाणा जिल्ह्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. या डोंगरपट्ट्यात कोरकू बोलणारी कुटुंबे राहतात. शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलली जाते, जिचे कुळ भाषाशास्त्रज्ञांना अद्याप ठरवता आलेले नाही. अशा घरातले मूल ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये अडखळले, किंवा उच्चारात मागून येणारी पहिली वेलांटी लिहिताना आधी का काढायची हे त्याला उमगले नाही, तर ती अक्षमता मानावी की पाठ्यपुस्तकाची भाषा त्याला परकी आहे म्हणून? कर्क यांनी १९६२ च्या व्याख्येतच सांस्कृतिक व अध्यापनविषयक कारणे बाजूला काढली होती. म्हणजे निदानापूर्वी शाळेने स्वतःचे शिकवणे तपासावे, हे त्या व्याख्येतच अनुस्यूत आहे.

आम्हां भाषेच्या शिक्षकांना हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते. ‘ढ’ च्या जागी ‘अक्षम’ हा सभ्य शब्द ठेवला आणि मुलाजवळ बसलोच नाही, तर फरक फक्त शब्दकोशात पडेल. कर्क यांचे स्मरण करायचे ते त्यांच्या संज्ञेसाठी. पण त्याहून अधिक, निजानीज झाल्यावर दाराशी चाललेल्या त्या शिकवणीसाठी.