जलरंगातील गर्दीचे चित्रण

जलरंगातील गर्दीचे चित्रण म्हणजे बाजार, जत्रा, मिरवणूक अशा प्रसंगांतील मोठा जनसमूह पातळ, सैल रंगथरांनी आणि मोजक्या छटांनी दर्शविण्याची पद्धत होय. येथे ‘छटा’ हा शब्द रंगाचा उजळपणा किंवा गडदपणा या अर्थाने वापरला आहे. प्रत्येक व्यक्ती स्वतंत्रपणे न रेखाटता संपूर्ण समूह एकच आकार मानला जातो.

== पद्धत ==
दृश्यातील सर्व छटा उजळ, मध्यम आणि गडद अशा तीन गटांत विभागल्या जातात. डोळे किलकिले करून पाहिल्यास बारकावे लोपतात आणि हे गट स्पष्ट होतात. पारदर्शक जलरंगात पांढरा भाग कागद कोरा ठेवूनच मिळतो. त्यामुळे उन्हातील डोकी, खांदे व टोप्या आधीच राखून ठेवाव्या लागतात. त्यानंतर समूहावर मध्यम छटेचा थर देतात. तो ओला असतानाच दुसरे रंग सोडल्यास शेजारच्या आकृती एकमेकींत मिसळतात. थर वाळल्यावर पुढील काही आकृतींना गडद फटकारे व ठळक कडा दिल्या जातात. जलरंग वाळल्यावर फिका पडत असल्याने गडद छटा सुरुवातीलाच पुरेशी दाट घ्यावी लागते.

सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या चित्रकाराला साधारण त्याच्याच उंचीच्या, जवळच्या व दूरच्या सर्व माणसांची डोकी क्षितिजरेषेलगत दिसतात. अंतरानुसार आकृती लहान होतात आणि पावले वर सरकतात. हा नियम पाळल्यास केवळ ठिपक्यांतूनही खोली जाणवते.

== परंपरा ==
क्लोद मोने यांच्या बुलेव्हार्द दे कॅप्युसीन (१८७३) या तैलचित्रातील पादचारी निव्वळ फटकाऱ्यांनी दाखविले आहेत. १८७४च्या प्रदर्शनात समीक्षक लुई लरॉय यांनी त्यांची खिल्ली उडविली. अमेरिकी चित्रकार मॉरिस प्रेंडरगास्ट (१८५८–१९२४) यांची गर्दीची जलरंगचित्रे प्रसिद्ध आहेत. महाराष्ट्रात मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात (स्थापना १८५७) घडलेले म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांनी लोकजीवनाची विपुल चित्रे काढली. वारली चित्रांतील तारपा नृत्यात तर गेरूच्या पार्श्वभूमीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, अशा दोनच छटांत संपूर्ण समूह उभा राहतो.

== अक्कलकुव्यातील विषय ==
नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्यातील काठी येथे आदिवासींची राजवाडी होळी भरते. ती पहाटे पेटविली जाते. मोरपिसांचे उंच टोप आणि कमरेला घुंगरू बांधलेले नर्तक रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात. ज्वाळेसमोरील माणसे गडद छायाकृतींसारखी दिसतात, तर ज्वाळेच्या बाजूच्या कडा उजळतात. अशा वेळी टोपांची उंच-सखल बाह्यरेषाच प्रसंगाची ओळख पटविते. उजाडू लागल्यावर आकाश उजळते, ज्वाळेचे तेज कमी भासते आणि छटांचा क्रम बदलतो. म्हणून छटांची मांडणी आधीच ठरविणे आवश्यक असते.

== मर्यादा ==
या पद्धतीत व्यक्तीचा चेहरा हरवतो. आदिवासी समाजाच्या चित्रणात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो, कारण माणसे केवळ रंगीत सजावट बनण्याचा धोका असतो. प्रत्येकाची उभे राहण्याची ढब, हातातील वस्तू आणि परस्परांतील अंतर जपल्यास चेहऱ्यावाचूनही आकृतींचे माणूसपण टिकते. त्यासाठी प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटने उपयोगी पडतात.